दोन इनपुटवर अभंग: पेटी, गळा आणि तबला घरच्या खोलीत कसं घ्यावं?

मंद्रपंचम

नमस्कार मंडळी. चार-पाच अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत, व्हिडिओसोबत यूट्यूबवर टाकायला. गाणारे काका पेटी स्वतःच वाजवतात, पट्टी काळी एक. तबलजी वेगळे. टाळ आणि मागचा कोरस सगळ्यात शेवटी.

खोली १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर. खाली टाइल्स, एका भिंतीला लाकडी कपाट, एका भिंतीला सरकती खिडकी आणि खिडकीखाली रस्ता. सामान: दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), ऑडिओ-टेक्निका एटी२०२० (कंडेन्सर माइक), शुअर एसएम५७ (डायनॅमिक माइक), बंद कपांचे हेडफोन एकच जोडी, विंडोज लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

अडचणी अशा:

१. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. काकांनी सा लावून धरला की विशेष घुमतो, बाकीच्या सुरांवर तेवढा नाही. भिंतींना एक इंची फोम चिकटवून पाहिला. वरची चमक गेली, घुमणं जसंच्या तसं.

२. गळ्याच्या माइकमध्ये पेटी इतकी येते की गळा वाढवला की पेटीही वाढते.

३. लॅपटॉपला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ. काढला की बंद. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्याही येतात.

४. काका क्लिकवर (एकसारख्या लयीच्या टिकटिकीवर) गायला तयार नाहीत, आणि अभंगाची लय शेवटाकडे चढतेच. मग तबला नंतर बसवायचा कसा?

५. साधारण ४० हजार खर्च करता येतील. दुकानदार म्हणतो, भारीतला कंडेन्सर घ्या. घ्यावा का?

---

भिंतीला_कान

पाचव्याचं उत्तर आधी देतो: नका घेऊ. आहेत ते दोन्ही माइक या कामाला पुरेसे आहेत. भारी माइक तुमची हीच खोली जास्त स्पष्ट ऐकवेल, एवढंच होईल. पैसे खोलीवर घाला.

आता सा का घुमतो ते बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या कंप्रता अडकतात त्या काढायचं सोपं गणित म्हणजे ५६५ भागिले फुटांतलं अंतर, आणि मग त्याची दुप्पट, तिप्पट. तुमच्या खोलीत १२ फुटांच्या बाजूला ४७, ९४, १४१ हर्ट्झ. १० फुटांच्या बाजूला ५६.५, ११३, १७०. छत-फरशीमध्ये ५९.५, ११९, १७८. काळी एकचा पुरुषी सा १३८.६ हर्ट्झवर असतो, म्हणजे १४१ च्या कुशीतच. म्हणून तो घुमतो. शिवाय १० फूट आणि साडेनऊ फूट ही मापं जवळजवळ सारखी असल्यामुळे ११३ नि ११९, १७० नि १७८ अशा जोड्या पडल्यात. डग्गा घ्याल तेव्हा या जोड्या त्रास देणार, तयारी ठेवा.

एक इंची फोम इथे काही करू शकत नाही. तो साधारण हजार हर्ट्झच्या वरचं खातो. खालचं तसंच राहिलं आणि वरचं गेलं की कान म्हणतो ‘डबा’. फोम उतरवलात तरी चालेल.

खर्च न करता आधी जागा बदलून बघा. बारा फुटांच्या दिशेत माइक बरोबर मधोमध, म्हणजे सहा फुटांवर ठेवलात तर गणिताप्रमाणे १४१ तिथे जवळजवळ नाहीसा होतो, सा पोकळ येतो आणि ९४ फुगतो. भिंतीपासून बरोबर चार फुटांवर ठेवलात तर १४१ भरात असतो. तुमचा माइक आत्ता चारच्या आसपास असणार अशी दाट शंका आहे. तीन फुटांच्या जवळपास आणून बघा. काकांना सा लावून धरायला सांगा, तुम्ही हेडफोन घाला आणि माइक अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढेमागे करा. सा आणि त्याच्या शेजारचे रे, नी सारख्या वजनाने यायला लागले की तिथे फरशीवर खडूने खूण करा.

मग गाद्या. चार इंची कापसाची गादी हे आपल्याकडचं सगळ्यात दुर्लक्षित साउंड पॅनल आहे. दोन गाद्या उभ्या करा, पण कुठे ते नीट बघा: गाणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक जण माइकच्या मागे काहीतरी लावतात. तुमचे दोन्ही माइक कार्डिऑइड, आणि असा माइक मागून जवळजवळ बहिरा असतो. त्याला ऐकू येतं ते समोरचं, म्हणजे काका आणि काकांच्या मागची भिंत. गादी आणि भिंत यांत चार इंचांची पोकळी ठेवा, तेवढ्यानेच ती आणखी खाली काम करायला लागते. फरशीवर सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी. कपाटाची दारं उघडी ठेवा, आतले कपडेही आवाज खातात.

हे पटलं तर मग पॅनल करा. घनमीटरला ४८ किलो घनतेचं ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), ४ बाय २ फुटांच्या स्लॅबमध्ये मिळतं. एका पॅनलला दोन स्लॅब एकावर एक, म्हणजे चार पॅनलला आठ स्लॅब. चौकट साध्या पाइनच्या चार इंच रुंद पट्ट्यांची, कोपऱ्यांत एल पट्ट्या. पाठीला प्लायवूड ठोकू नका. सुतार हमखास ठोकतो आणि पॅनलचं अर्धं काम मारून टाकतो. मागेपुढे दोन्हीकडे मांजरपाट ताणून स्टेपल करा. दुसरं कापड वापरायचं असेल तर तोंडाला लावून फुंकून बघा, फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन, सॅटिन बाद. रॉकवूल कापताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क घालाच, ते अंगाला चावतं आणि छातीत जाऊ देण्यासारखं नाही. दोन पॅनल काकांच्या मागे, एक डोक्यावर छताला टांगून, एक बाजूच्या उघड्या भिंतीवर.

रस्त्याचा आवाज यातलं काहीही थांबवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला वजन आणि हवाबंद फटी लागतात. सरकत्या खिडकीच्या फटींना फोमची चिकटपट्टी, दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी, आणि रात्री अकरानंतरची वेळ. पंखा बंद. फ्रिज भिंतीपलीकडेच असेल तर टेक चालू असेपर्यंत तोही बंद. एक युक्ती: गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचा राहणार नाही.

---

शून्य_व्होल्ट

तिसऱ्या प्रश्नावर. झिणझिण्या येतात म्हटलंत तिथेच उत्तर आहे. तुमच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये फेज-न्यूट्रल आणि बाहेरची ग्राउंड यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, रेडिओ लहरींचा कचरा जिरवायला. अर्थ जोडलेली असेल तर त्यातून गळणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपचा पत्रा अधांतरी राहतो आणि मल्टिमीटर लावलात तर १०० व्होल्टच्या आसपास काहीतरी दाखवतो. करंट अगदी क्षुल्लक म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तीच ग्राउंड यूएसबीच्या तारेतून इंटरफेसमध्ये आणि तिथून माइकच्या केबलवर येते, त्यामुळे घूं.

या क्रमाने तपासा. मल्टिमीटरच्या पिना सॉकेटमध्ये घालायच्या म्हणजे काम धोक्याचं आहे. सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याच्याकडून मोजून घ्या.

फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास. फेज ते अर्थ साधारण तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ खूप कमी किंवा डुगडुगतं आलं तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नाही. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं, तीन भोकांचं सॉकेट आणि मागे दोनच तारा. सॉकेटला अर्थ आहे आणि तरी घूं आहे, तर चार्जरची पिन बघा. दोन पिनचा चार्जर असेल तर अर्थ येणार कुठून? त्याच कंपनीची तीन पिनची आवृत्ती बहुधा मिळते.

मग लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. दोन वेगवेगळ्या भिंतींवरून घेतलंत तर दोन अर्थांमध्ये वळसा तयार होतो आणि तो स्वतःच गुणगुणायला लागतो. स्पीकरला जाणाऱ्या केबल टीआरएस, म्हणजे टोकाला दोन काळी वर्तुळं असलेल्या. एक वर्तुळवाल्या नकोत.

घूं कसला आहे ते कानाने ओळखता येतं. जाड, गोल, ५० हर्ट्झचा असेल तर जवळ कुठेतरी ट्रान्सफॉर्मर किंवा अॅडाप्टर आहे, माइकची केबल त्याच्यापासून लांब न्या. वर कर्कश्श झालर असलेला ‘झर्रर्र’ असेल तर ग्राउंडचा वळसा किंवा पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. टप्प्याटप्प्याने कट्-कट् फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर हा त्रास देत नाही. बारीक शिट्टी येते आणि माउस हलवला की बदलते, तर ती यूएसबीतून आलेली घाण. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करायचा विचार असेल तर प्युअर साइनवेव्हवालाच हवा, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर सगळंच झर्रर्र.

तोपर्यंतचा तोडगा तुम्हीच शोधलाय: टेक बॅटरीवर घ्या. फक्त पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो आणि टेकमध्ये टिकटिक येते.

दोन गोष्टी करू नका. चार्जरची किंवा स्पीकरची अर्थ पिन तोडू नका, टेप लावून बंदही करू नका. घूं जातो खरा, पण एखाद्या दिवशी आत फेज पत्र्याला लागली तर गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला टेकलेले असतात. आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त यूएसबी आयसोलेटर घेऊ नका. त्यातले बरेच १२ मेगाबिटच्या वेगापुरते असतात आणि तुमच्या इंटरफेसला बहुधा ४८० चा वेग लागणार.

---

खर्जातला

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पेटी आणि गळा एकाच माणसाकडून एकाच वेळी घेताना गळती शून्य होत नाही. ती कमी करायची आणि उरलेली कानाला गोड लागेल अशी ठेवायची.

नियम एकच: प्रत्येक माइकचं शेपूट दुसऱ्या वाद्याकडे. लोक गळ्याचा माइक वरून खाली लटकवतात, पिक्चरमध्ये बघून. तसा लावला की माइकच्या तोंडासमोर आधी काकांचं तोंड आणि त्याच रेषेत खाली पेटी. दोन्ही भरभरून येणारच. उलट करा. स्टँडचा आडवा दांडा बाजूने आणा, माइक हनुवटीच्या पातळीवर, तोंडापासून सहा-सात इंचांवर, आणि खालून वर तोंडाकडे बघणारा. आता पेटी त्याच्या पाठीमागे गेली. ‘पांडुरंग’ म्हणताना ‘प’चा झोत माइकच्या वरून निघून जातो, हा फायदा वेगळा. तरी पॉप फिल्टर ठेवाच, माइकपासून तीन इंचांवर. माइक वर बघत असल्यामुळे छतावरून परतणारा आवाज त्याला ऐकू येईल, म्हणून वर सांगितलेलं डोक्यावरचं पॅनल या मांडणीत हवंच.

पेटीला एसएम५७. पेटीच्या सुरांत दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये इतका मसाला असतो की चमकदार कंडेन्सर लावला की ती टोचते. ५७ ती धार सोसतो. जागा: काकांच्या उजव्या हाताला, तार सप्तकाच्या टोकाकडे, झाकणापासून १२ इंच वर, तोंड खाली पेटीकडे आणि शेपूट काकांच्या तोंडाकडे. भात्याच्या बाजूला लावू नका, प्रत्येक दाबाला ‘फस्स’ येतं. सहा इंचांच्या आत नेलात तर पट्ट्यांची खटखट सुरांपेक्षा मोठी होते. गळ्याच्या माइकपासून तोंडाचं जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर तोंड आणि पेटीचा माइक यांत ठेवा. सहा इंच असेल तर दीड फूट.

मांडणी झाली की अर्धं मिनिट रेकॉर्ड करा, दोन्ही ट्रॅक मधोमध ठेवा आणि पेटीच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत गळा भरलेला वाटतो ती ठेवा. यात कान चुकत नाही.

लेव्हल: काका सगळ्यात जोरात गातात ती ओळ गाऊन घ्या, म्हणजे तार सप्तकातली पुकार. ती रीपरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलला टेकेल एवढाच गेन (इंटरफेसवरची माइकची पातळी). खऱ्या टेकला माणूस चाचणीपेक्षा जोरातच गातो. २४ बिटवर हळू रेकॉर्ड झालेलं वर घेता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. व्हिडिओला जोडायचंय म्हणून सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झ.

गळा सुटाच हवा असेल तर एक युक्ती आहे. पहिल्या फेरीत पेटी रेकॉर्ड करा, काका बारीक गुणगुणतील तेवढं चालेल. दुसऱ्या फेरीत हेडफोनवर तीच पेटी ऐकत गाताना समोर पेटी राहू द्या, बोटं चालू द्या, भाता मात्र मारायचा नाही. हाताला सवय असते म्हणून गाणं मोकळं येतं आणि पेटीतून सूर निघत नाही. बोटं हलकी ठेवायला सांगा, नाहीतर खटखट.

---

तिहाई

वरचं बहुतेक पटलं. एक मतभेद. अशा खोलीत गळ्याला कंडेन्सर का? ४० हजारांत एक एसएम५८ (गाण्यासाठीचा डायनॅमिक माइक) सहज बसतो. डायनॅमिक माइक खोली कमी ऐकतो, रस्ता कमी ऐकतो. गाद्या उभ्या करत बसण्यापेक्षा तो बरा.

---

भिंतीला_कान

@तिहाई, डायनॅमिक खोली कमी ऐकतो हा समज फार पसरलाय. ५८ काय, २०२० काय, दोन्ही कार्डिऑइड. एकाच अंतरावर ठेवून आवाजाची पातळी सारखी केली की खोली जवळजवळ तेवढीच येते. डायनॅमिकवर माणूस दोन-तीन इंचांवर गातो म्हणून खोली कमी वाटते. तेवढ्याच जवळ कंडेन्सरवर गायलं तरी ती कमीच येईल, फक्त ‘प’, ‘भ’ आणि श्वास सांभाळावे लागतील. आणि अभंगात तोंड माइकला चिकटवून चालत नाही. पुकारीला मान मागे जाते, परत येते, दोन इंचांचे पाच झाले की आवाजाचं वजनच बदलतं. सात इंचांवर तोच फरक फारसा जाणवत नाही.

५८ घेऊ नका असं नाही, कार्यक्रमालाही उपयोगी पडेल. पण तो गाद्यांच्या बदल्यात नको.

---

तिहाई

ठीक, अंतराचा मुद्दा मान्य. पण ज्याला खोली भाड्याची आहे आणि भिंतीला खिळा मारता येत नाही त्याने ५८ वर तीन इंचांवरूनच गावं, या मतावर मी ठाम आहे.

आता तबला आणि लय. क्लिक सोडून द्या, अभंगाला क्लिक लावला की तो कवायत वाटतो. क्रम असा ठेवा.

आधी गाइड. काका आणि तबलजी समोरासमोर बसून अख्खा अभंग एकदा पूर्ण वाजवतील, जसा देवळात वाजवतात तसा. एक माइक काकांकडे, एक तबल्याकडे, गळती होऊ दे. हे शेवटी फेकायचंच आहे. यात फक्त लय पकडायची: कुठे धरली, कुठे चढली, कुठे तिहाई घेऊन थांबले. सुरू करण्यापूर्वी एका आवर्तनाच्या टाळ्या जोरात वाजवून घ्या. भजनी ठेका असेल तर आठ. त्या टाळ्या नसतील तर पुढच्या फेरीत समेवर उडी मारणं अवघड जातं.

दुसऱ्या फेरीत फक्त तबला, दोन्ही माइकसह, गाइड हेडफोनवर. तिसऱ्या फेरीत या पक्क्या तबल्यावर काकांची पेटी आणि गळा. चौथ्यात कोरस. सगळ्यात शेवटी टाळ. मग गाइड म्यूट.

तबलजींना हेडफोनवर गाइडमधला त्यांचाच तबला ऐकवू नका, फक्त काकांचा माइक द्या. स्वतःचंच वाजवलेलं कानात असलं की हात त्याचा पाठलाग करायला लागतो. काकांच्या माइकमध्ये गळतीने येतो तेवढा ठेका लयीला पुरतो.

तबल्याला २०२० आणि डग्ग्याला ५७. २०२० तबल्याच्या वर दहा-बारा इंचांवर, तबलजीच्या समोरच्या बाजूने तिरका, चाट आणि शाईच्या मधल्या लवेवर रोखलेला. शाईच्या बरोबर वर ठेवलात तर ‘तिं’ जाड होतो आणि ‘ना’ची किनार बोथट येते. ५७ डग्ग्यापासून पाच-सहा इंचांवर, मनगट घासतं त्याच्या पलीकडच्या बाजूने. ५७ चा खालचा भाग २०० हर्ट्झखाली उतरत जातो, पण इतक्या जवळ नेला की खर्ज फुगतो आणि हिशेब बरोबर होतो. फूटभर लांब ठेवलात तर डग्गा पातळ येणार. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायला सांगा.

दोन माइकमध्ये डग्ग्यापासूनच्या अंतराचा फरक एक फूट असेल तर आवाज दुसऱ्या माइकला सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, ४८ किलोहर्ट्झवर साधारण ४३ सॅम्पल. एकच दमदार ‘घे’ वाजवून घ्या, दोन्ही लाटा मोठ्या करून बघा. पहिली उडी विरुद्ध दिशांना असेल तर एकाची पोलॅरिटी उलटा. तरी डग्गा पोकळ वाटला तर तबल्याचा ट्रॅक तेवढे सॅम्पल अलीकडे ओढा. गळ्याला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) ठीक आहे, डग्ग्याला नको.

आणि हे फार जण विसरतात: तबला पेटीशी मिळवा, ट्यूनरशी नाही. जुनी पेटी ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या मापावर असेलच असं नाही. मधला सा मध्यम भात्यावर लांब धरा, ट्यूनरवर किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते लिहून ठेवा आणि तानपुऱ्याचं अॅप तेवढंच सरकवा. भाता जोरात दाबला की सूर किंचित हलतो, म्हणून मध्यम भात्यावरच मोजायचं. पावसाळ्यात पुडी दमट होऊन तबला उतरतो, प्रत्येक टेकआधी मिळवा, आणि पक्क्या फेरीत उतरला तर थांबा. रेकॉर्ड झाल्यावर तबल्याचा सूर सॉफ्टवेअरने वर नेला की चाट रबरी वाटते.

---

मंद्रपंचम

सगळ्यांचे आभार. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, सॉकेटमागे अर्थची तार खरंच नव्हती. नवी ओढून घेतली, घूं आणि झिणझिण्या दोन्ही गेल्या. माइक चार फुटांवरच होता, तीनवर आणल्यावर सा बराच ताळ्यावर आला. मांजरपाट आणि रॉकवूलची चौकशी चालू आहे.

दोन शंका उरल्या. तबला नंतर वाजवल्यावर रेकॉर्डिंगमध्ये किंचित मागे पडतो, तबलजी म्हणतात मी बरोबर वाजवलं. आणि टाळ कसा घ्यायचा?

---

तिहाई

तबलजी बरोबर आहेत. तो उशीर यंत्राचा आहे.

आधी रीपरमध्ये एएसआयओ (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना कमी उशिरात जोडणारा ड्रायव्हर) इंटरफेसच्या कंपनीचाच आहे ना ते बघा, सरसकट चालणारा नको. मग प्रत्यक्ष मोजा. इंटरफेसचा एक आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडा. स्पीकर बंद, त्या इनपुटचं डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुट लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनवर ऐकवणारी सोय) बंद, ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून मिळणारी वीज) बंद. एका ट्रॅकवर तीक्ष्ण ‘टक्’ ठेवून वाजवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन टक् मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. जेवढं येईल तेवढं रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, रेकॉर्डिंग या पानावर मॅन्युअल ऑफसेटमध्ये घाला आणि परत मोजा, शून्याच्या आसपास यायला हवं. बफर किंवा सॅम्पल रेट बदललात की पुन्हा मोजायचं.

वाजवताना कानात येणारा उशीर वेगळा. १२८ सॅम्पलच्या बफरला (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) एका बाजूचे २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर कन्व्हर्टरचे थोडे. तबलजीला तेवढंही खुपतं. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर प्रत्येक बोल दोनदा ऐकू येईल.

---

खर्जातला

टाळ. जवळून घेऊ नका, जवळचा टाळ म्हणजे नुसता पत्रा. वाजवणारा उभा, २०२० त्याच्यापासून चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला, टाळांच्या कडेवर रोखलेला नाही तर किंचित बाजूला. गेन अगदी कमी, शिखर उणे १५ च्या खालीच ठेवा. टाळाचा पहिला ठोका इतका क्षणिक असतो की मीटरकडे बघताना तो नजरेतून सहज निसटतो. एकाच माणसाकडून तीन फेऱ्या घ्या, प्रत्येक वेळी त्याला दोन पावलं सरकवून, आणि टाळाची दुसरी जोडी मिळाली तर एक फेरी तिच्यावर. मिक्समध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा मधोमध आणि मागे. १० हजार हर्ट्झच्या वर थोडं उतरवा, नाहीतर यूट्यूब फाइल लहान करायला आवाज दाबतं त्यात टाळ वाळू सांडल्यासारखा येतो.

कोरसला एकच माइक, तिघं अर्धवर्तुळात तीन फुटांवर, ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. हेडफोनची एकच जोडी आहे म्हणालात. ४० हजारांतून आधी आणखी दोन बंद कपांचे हेडफोन आणि एक छोटा चार आउटपुटचा हेडफोन अॅम्प घ्या. स्पीकरवर ट्रॅक लावून कोरस गायला लावू नका, अख्खा तबला परत माइकमध्ये शिरतो.

---

शून्य_व्होल्ट

अर्थिंग झालं हे छान. पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर: २०२० स्टँडवर उघडा ठेवू नका. कंडेन्सरच्या पडद्यावर दमट हवा बसली की फट्-फट् असे आवाज येतात आणि लोक केबल बदलत बसतात. काम झालं की ४८ व्होल्ट बंद करा, अर्धं मिनिट थांबून माइक काढा, आणि रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की परत कामाला येतं. ५७ ला यातलं काही लागत नाही, तो कुठेही पडून राहू दे.